सेनापतिपदाची वस्त्रे

मराठीत काही नावे जोडीनेच उच्चारायची सवय जडलेली असते. संताजी-धनाजी ही त्यांतलीच एक जोडी. मोगलांचे घोडे ओढ्याचे पाणी पिईनात, कारण त्यांना पाण्यातही संताजी-धनाजी दिसत, ही गोष्ट मी प्रथम आजीच्या तोंडून ऐकली. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात सतरंजी टाकलेली असायची आणि आजी घोड्याची मान कशी मागे जाते ते स्वतःची मान मागे नेऊन दाखवायची. मला कितीतरी वर्षे वाटत होते की हे दोघे सख्खे भाऊ असावेत, किंबहुना जुळेच. पुढे कॉलेजात असताना इतिहासाच्या एका जाड पुस्तकात वाचले, की या दोघांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या होत्या आणि एकाचा शेवट दुसरा त्याच्या पाठीवर असतानाच झाला. तेव्हा आजी हयात नव्हती. असती, तरी तिला हे सांगायचे धाडस मला झाले नसते.

नंतर बँकेची नोकरी लागली आणि इतिहास मागे पडला. १९८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात माझी बदली झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली कारागिरांना दिलेल्या कर्जांची पाहणी करायला गावोगाव हिंडावे लागे. एका सकाळी मी उभा होतो त्या थांब्यावर एसटी आली आणि तिच्या पाटीवर लिहिले होते, सेनापती कापशी. गावाच्या नावाला खुर्द लागते, बुद्रुक लागते, फार तर देवाचे नाव लागते. पण लष्करातला सर्वोच्च हुद्दा नावापुढे मिरवणारे गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. कापशी चपलांसाठी प्रसिद्ध. ज्या कारागिराची पाहणी करायची होती तो म्हातारा चामडे भिजवत बसला होता. हप्त्यांचे बोलणे झाल्यावर मी त्याला विचारले, की हे सेनापती म्हणजे नेमके कोण. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की बँकेत साहेब होऊनही याला एवढे ठाऊक नाही. सेनापती म्हणजे सेनापती, संताजी घोरपडे. आणखी कोण असणार?

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मागे लागला तो आजतागायत.

संताजीकडे वळण्यापूर्वी त्या हुद्द्याविषयी थोडे सांगायला हवे. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळात सेनापती हा शब्द नव्हता. होता तो सरनोबत. घोडदळाची उतरंड चोख होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि त्या सगळ्यांच्या वर सरनोबत. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांची पदे संस्कृत नावांनी सजली आणि सरनोबताचा सेनापती झाला. त्या आठांत बहुतेक जण लेखणीवाले; सेनापतीचे पद मात्र तलवारीचे, आणि ते मराठा सरदाराकडे असायचे. प्रधानांना सालाना दहा हजार होनांच्या आसपास तैनात होती, पेशव्याला थोडी अधिक, असे सांगतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की पगार रोख होता. पदाबरोबर जमीन मिळत नव्हती, आणि बापाचे पद मुलाला वारशाने मिळत नव्हते. आम्हा नोकरदारांना हे सहज समजते. खुर्ची कचेरीची असते, घरची नसते.

पण ही खुर्ची भलतीच जड होती. नेताजी पालकर १६६६ साली पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर पोहोचला नाही म्हणून त्याचे पद गेले. त्यानंतर तो आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेला, धर्मही पालटावा लागला, आणि दहा वर्षांनी परत आला. प्रतापराव गुजराने १६७३ साली उमराणीला बहलोलखानाला कोंडीत धरून सोडून दिले. त्याबद्दल महाराजांचा बोल त्याच्या इतका जिव्हारी लागला, की १६७४च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत मूठभर स्वारांनिशी तो खानाच्या फौजेवर तुटून पडला आणि मेला. त्याच्या जागी हंबीरराव मोहिते आला. त्याची बहीण सोयराबाई, म्हणजे राजाराम त्याचा भाचा. १६८० साली गादीचा प्रश्न आला तेव्हा या सेनापतीने भाच्याची बाजू न घेता संभाजीराजांची घेतली. माझ्या मते त्या पदाचा एवढा मान त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर कोणी राखला नाही. १६८७च्या डिसेंबरात वाईजवळच्या लढाईत तोफेचा गोळा लागून तो पडला. मग सेनापतिपद आले म्हाळोजी घोरपड्याकडे. म्हाळोजी म्हणजे संताजीचा बाप.

म्हाळोजीला हे पद जेमतेम वर्षभर लाभले. १६८९च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी संगमेश्वरात मुकर्रबखानाने संभाजीराजांवर झडप घातली, तेव्हा राजाला वाचवता वाचवता वयोवृद्ध म्हाळोजी कामी आला. राजे पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांचे हाल करून वध केला. रायगडला वेढा पडला, राजाराम निसटून पन्हाळ्यावर आला आणि तेथून दूर तामिळ मुलखात जिंजीला गेला. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, अशी अवस्था. संताजीच्या कर्तृत्वाची सुरुवात इथून होते, आणि ती बाप गमावून होते हे लक्षात ठेवावे.

पहिलाच पराक्रम असा, की बखरकारांना तो किती रंगवू असे झाले. भीमेच्या काठी खुद्द औरंगजेबाची छावणी पडली होती. भाऊ बहिर्जी आणि विठोजी चव्हाण यांना सोबत घेऊन संताजीने रात्री छावणीत शिरून बादशाही डेऱ्याचे तणाव तोडले आणि डेऱ्यावरचे सोन्याचे कळस कापून नेले. बादशहा त्या डेऱ्यात नव्हता म्हणून वाचला, असे बखर सांगते. तिथून ते रायगडाला वेढा घालून बसलेल्या फौजेवर गेले आणि तिचे हत्ती घेऊन आले. संताजीला ममलकतमदार, बहिर्जीला हिंदुराव, विठोजीला हिंमतबहाद्दर असे किताब मिळाले. कळसाची गोष्ट अक्षरशः घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. लढाई हरलेल्या लोकांना त्या दिवसांत कशाची भूक होती, एवढे तिच्यावरून नक्की कळते. पुढच्याच वर्षी, १६९०च्या मेमध्ये, साताऱ्याजवळ रुस्तुमखान बायकामुलांसकट मराठ्यांच्या हाती लागला. तो मात्र कागदोपत्री पक्का इतिहास आहे. त्या विजयात संताजी होता, आणि धनाजी जाधवही होता.

इथे एका कागदाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. जिंजीहून राजारामाने १६९१ साली हणमंतराव घोरपडे आणि कृष्णाजी घोरपडे यांना लाखांच्या होनांच्या नेमणुकीचे वचन लिहून दिले. पण रक्कम एकदम नाही. रायगड घेतला की इतकी, विजापूर घेतले की इतकी, मग भागानगर, मग औरंगाबाद आणि उरलेली मोठी रक्कम दिल्ली घेतल्यावर. आम्ही घरबांधणीचे कर्ज असेच देत असू. जोते झाले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. फरक इतकाच, की इथे देणाऱ्याकडे त्या दिवशी कवडीही नव्हती आणि घर दिल्लीला बांधायचे होते. शिवाजी महाराजांनी बंद ठेवलेली वाट या गरजेपोटी पुन्हा उघडली. सरदार आता पगारावर नाही, तर पुढे मिळणाऱ्या मुलखावर लढू लागले. राज्य त्याने वाचले हे खरे. आणि सेनापती नावाच्या माणसाचे ऐकणे सरदारांना पूर्वीइतके बंधनकारक राहिले नाही, हेही खरे.

त्याच सुमारास राजारामाने सेनापतिपदाची वस्त्रे संताजीला दिली. हे पद नाममात्र होत चाललेल्या काळात त्याला ते अक्षरशः पाळायचे होते. पुढचा सगळा घोळ इथला आहे.

१६९२च्या डिसेंबरात संताजी आणि धनाजी जिंजीच्या मदतीला कर्नाटकात उतरले. झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला होता. कांचीपुरमचा फौजदार अलिमर्दानखान संताजीवर चालून गेला आणि पकडला गेला. मोठी खंडणी भरून सुटला. तिकडे धनाजीने इस्माईलखान मकाला पकडले. मोगलांच्या छावणीत धान्य संपले, शहजादा कामबक्ष राजारामाशी संधान बांधतो म्हणून त्याच्याच सरदारांनी त्याला कैदेत टाकले, आणि १६९३च्या आरंभी वेढा उठवून मोगल वांदिवाशला मागे गेले.

पण संताजी समजून घ्यायचा तर दोड्डेरी पाहिली पाहिजे. आजच्या कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यातले हे लहान गाव. १६९५च्या नोव्हेंबरात संताजी त्या भागातून जाणार अशी खबर बादशहाला लागली. शिऱ्याचा कासिमखान आणि दरबारातून मुद्दाम पाठवलेला खानाजादखान यांनी त्याला अडवायचे ठरले. दरबारची बडी मंडळी येणार म्हणून कासिमखानाने यजमानाची हौस दाखवली. सोन्यारुप्याची आणि चिनी मातीची भांडी, उंची तंबू, सगळे बाहेर काढले आणि ते तंबू पुढच्या मुक्कामावर आदल्या रात्रीच रवाना केले. पाहुण्यांच्या सरबराईत शत्रूची आठवण राहिली नाही. संताजीने फौजेचे तीन भाग केले. पहिला भाग पुढच्या तंबूंवर पडला. ती बातमी ऐकून कासिमखान घाईने निघाला, तोच वाटेत दुसरा भाग त्याला भिडला. आणि मोगल तिथे गुंतलेले असताना तिसरा भाग मागे राहिलेल्या मूळ छावणीवर गेला. चित्रदुर्गाच्या बरमप्पा नायकाचे बंदूकधारी बेरड या लढाईत संताजीच्या बाजूने होते आणि त्यांचा नेम चुकत नव्हता.

उरलेल्या मोगलांनी दोड्डेरीच्या गढीत आसरा घेतला. गढी लहान, धान्य थोडे. सरदार आत, शिपाई बाहेर. काही दिवसांत जनावरे छपराचे गवत ओढून खाऊ लागली. कासिमखान अफूचा व्यसनी. अफू मिळेना म्हणून तो तडफडून मेला, असे एक सांगतात, तर लाजेने विष घेतले असे दुसरे. शेवटी खानाजादखानाने बोलणे लावले. हत्ती, घोडे, तोफा, रोकड, सगळे द्यायचे आणि वर वीस लाख रुपये खंडणी. शब्द मिळाल्यावर लोक गढीतून बाहेर आले, तेव्हा संताजीच्या माणसांनी त्या उपाशी लोकांना भाकरी आणि पाणी दिले. मला या सबंध लढाईत हीच गोष्ट सर्वांत अधिक आवडते. ज्याच्या नावाने घोडे बिथरत, त्याच्या फौजेत लुटीलाही शिस्त होती आणि दिलेल्या शब्दालाही. दोन महिन्यांनी, १६९६च्या जानेवारीत, बसवपट्टणजवळ हिंमतखान हा आणखी एक नामांकित सरदार हत्तीवर बसलेला असतानाच गोळी लागून मेला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. संताजीवर जायची पाळी आपल्यावर येऊ नये, असे बादशाही सरदारांना वाटे, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

ही शिस्त आली कुठून? तर धाकातून. कामात कुचराई करणाऱ्याला संताजी क्षमा करीत नसे. किरकोळ चुकीलाही हत्तीच्या पायी देण्यापर्यंत त्याची मजल जाई. वरच्यांशी बोलतानाही जीभ तशीच. इतके विजय मिळवून आलेला माणूस जिंजीला राजासमोर उभा राहिला, की त्याच्या बोलण्यात आदब कमी आणि हिशेब जास्त असायचा. मी राज्य राखतो आहे, हे खरे असले तरी राजाला तोंडावर सांगायचे नसते. धनाजी त्याउलट. तोही शूर, पण माणसे सांभाळणारा, हसून बोलणारा, सरदारांच्या चुका पोटात घालणारा. दरबाराला कोण आवडले असेल, हे सांगायला नको.

या ठिकाणी माझे स्वतःचे एक देणे आहे. नोकरीच्या मध्यावर मला एका शाखेचा चार्ज घ्यायला पाठवले. तिथला मॅनेजर माझ्याहून दहापटीने कर्तबगार. बुडीत कर्जे त्याने दारोदार फिरून वसूल केली होती. पण त्याला बोलण्याचा पोच नव्हता. वरिष्ठांच्या चुका तो भर बैठकीत दाखवून द्यायचा. मी त्याच्या हाताखाली उमेदवारी केलेली. किल्ल्यांचा जुडगा मोजून माझ्या हाती देताना तो एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. मला बढती हवी होती आणि हुकूम वरून आला होता, एवढे माझ्या मनाला पुरेसे झाले. पुढे संताजीवर कादंबरी लिहायला घेतली. चौदा प्रकरणे झाली. पंधराव्यात धनाजीला सेनापतिपदाची वस्त्रे मिळतात. ते प्रकरण मी सात वेळा लिहिले आणि कादंबरी बासनात बांधून ठेवली. धनाजीला खलनायक करणे मला जमेना, आणि निर्दोष म्हणवेना.

१६९६च्या उन्हाळ्यात जे व्हायचे ते झाले. संताजी जिंजीला आला, राजारामाशी त्याचे बिनसले आणि तो रागाने निघून गेला. राजाराम धनाजीला घेऊन त्याच्या पाठोपाठ गेला. वृद्धाचलमच्या बाजूला दोन्ही मराठी फौजा समोरासमोर आल्या आणि संताजी जिंकला. धनाजी पळाला. त्याच्याकडचा अमृतराव निंबाळकर हाती लागला. संताजीने त्याला हत्तीच्या पायी दिले. आणि राजा? राजाही हाती लागला होता. असे सांगतात, की दुसऱ्या दिवशी संताजी आपले हात बांधून घेऊन राजारामापुढे उभा राहिला; आपण पूर्वीचेच सेवक आहोत आणि भांडण धनाजीशी आहे, असे त्याने विनवले आणि राजाला सन्मानाने जिंजीला पोहोचवले. राजाने झाला प्रकार विसरायचे ठरवले असते, तर या कहाणीला वेगळे वळण लागले असते. पण आपल्या नोकराने आपल्याला पकडले आणि मग सोडले, यांतले कुठले अधिक बोचत असेल? त्याच वर्षी संताजीचे सेनापतिपद काढून धनाजीला दिले गेले.

पद गेल्यावर माणसेही गेली. १६९७च्या मार्चमध्ये विजापूरच्या भागात धनाजीने त्याला गाठले, तेव्हा संताजीचे बरेचसे लोक लढाईआधीच पलीकडे निघून गेले. धाकाने जमलेले लोक धाक संपताच पांगतात. विसांवर मोजावेत एवढे सोबती घेऊन तो माणदेशाकडे वळला. तिथे म्हसवडचे माने होते. नागोजी मान्याची बायको राधाबाई ही अमृतराव निंबाळकराची बहीण. भावाच्या मरणाचा सूड घ्या, असा तिचा नवऱ्यामागे धोशा होता. जूनमध्ये, शंभूमहादेवाच्या डोंगररांगेत, एका ओढ्यावर संताजी अंघोळ करीत असता नागोजीने त्याला गाठले. हाती शस्त्र नव्हते. ज्या माणसाच्या धास्तीने घोडे पाणी पीत नव्हते असे आजी सांगायची, त्याचा शेवट पाण्यात उभा असताना झाला. त्याचे शीर भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत औरंगजेबापुढे गेले. हत्येनंतर नागोजी पुन्हा मोगलांच्या चाकरीत रुजू झाला.

एक माणूस मात्र संताजीला विसरला नाही. कोकणातून पोटासाठी वर आलेला नारो महादेव जोशी नावाचा ब्राह्मण मुलगा संताजीच्या पदरी वाढला होता. संताजीने त्याला मुलासारखे वागवले. त्याने आपले जोशी हे आडनाव टाकून घोरपडे हे नाव लावले आणि त्याच्या वंशाने ते कायम ठेवले. इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे ते हेच. नारो महादेवाच्या मुलाला पुढे बाळाजी विश्वनाथाची मुलगी, म्हणजे बाजीरावाची बहीण अनुबाई, दिली होती. धाकाने वागणाऱ्या माणसाचे नाव कोणी स्वतःहून लावत नाही. तेव्हा आपण ज्याला तापट तापट म्हणतो, त्याच्या घरातला तो दुसरा संताजी कुठल्याच बखरीत आलेला नाही.

सेनापतिपदाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. धनाजी १७०८ साली वारला. त्याचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. म्हणजे आता पद वारशाने उतरू लागले. त्याचे बाळाजी विश्वनाथाशी वितुष्ट आले आणि तो शाहूला सोडून गेला, अखेर निजामाकडे. १७१७ साली तळेगावचा खंडेराव दाभाडे सेनापती झाला. त्याचा मुलगा त्रिंबकराव आणि बाजीराव पेशवा यांची १७३१च्या एप्रिलमध्ये गुजरातेत डभईला लढाई झाली आणि त्रिंबकराव गोळी लागून पडला. राज्याचा सेनापती राज्याच्या पंतप्रधानाच्या फौजेकडून मारला गेला. शाहूने दाभाड्यांच्या घरातच पद ठेवले, पण खरी फौज पेशव्याची झाली. तिकडे कोल्हापूरच्या गादीने कापशीच्या घोरपड्यांकडे सेनापती हा किताब दिला, आणि म्हणून त्या एसटीच्या पाटीवर तो शब्द होता.

कापशीच्या त्या कारागिराने कर्ज वेळेआधी फेडले. बदली होऊन निघालो तेव्हा त्याने दिलेला चपलांचा जोड मी बारा वर्षे वापरला. पैसे दिले होते, हे जुन्या सवयीने नमूद करून ठेवतो. कादंबरी अजून बासनातच आहे. ती पुन्हा सोडावी असे अलीकडे वाटू लागले, ते एका मोहिमेच्या हकिगतीमुळे. १७०५ साली औरंगजेब आयुष्यातला शेवटचा वेढा घालून बसला होता, कृष्णा-भीमेच्या दुआबातल्या वाकिणखेड्याला. नव्वदीला टेकलेला बादशहा, आणि समोर पिडिया नायकाचे बेरड. कित्येक मराठा सरदारांची बायकामुले तेव्हा त्या गढीच्या आसऱ्याला होती. मार्चअखेरीस त्यांच्या सुटकेसाठी पाच-सहा हजार स्वार येऊन पोहोचले. त्या फौजेचे दोन म्होरके होते. एक सेनापती धनाजी जाधव. दुसरा हिंदुराव घोरपडे, संताजीचा भाऊ.